नामावळी उघडण्याची रीत

नाशिक क्षेत्रातील तीर्थोपाध्यायांच्या वृत्तीचे भांडवल कोणते, असा प्रश्न एखाद्या त्रयस्थाने केला तर रामकुंड, गोदावरीचे पात्र, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ अशी उत्तरे त्यास सहज मिळतील. परंतु ज्या घरांत ही वृत्ती पिढ्यानुपिढ्या चालत आली त्यांस विचारले असता ते माळ्यावरील पेटाऱ्याकडे किंवा भिंतीतील फडताळाकडे बोट दाखवतील, कारण पाणी सर्वांचे, घाट गावाचा आणि पर्वणी पंचांगाची असली तरी फडताळातील नामावळी त्या एका घराची असते. खारव्याच्या तांबड्या कापडात गुंडाळलेल्या, जाड हातकागदाच्या, बोरूने व काजळीच्या शाईने मोडीत लिहिलेल्या या वह्यांत यजमान घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात: कोण आला, कोठून आला, बापाचे व आज्याचे नाव काय, बरोबर भाऊ-पुतणे कोण होते, कोणाच्या अस्थी आणल्या होत्या किंवा कोणत्या पर्वणीचे स्नान साधले. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात या वह्यांची मुद्दाम दखल घेतलेली आहे. ज्या राजवटीस आपल्या भटभिक्षुकांचे फारसे कौतुक नव्हते तिच्या कारकुनांनाही या नोंदींच्या नेटकेपणाविषयी दोन बरे शब्द लिहावेसे वाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या वह्यांविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक वंशावळीच्या अंगाने. कोणत्या राजघराण्याचा लेख कोणाकडे आहे, कोणत्या सरदाराची सही कोठे सापडली, याची चर्चा पुष्कळ झाली. माझे कुतूहल निराळ्या जागी आहे. हजारो नावांच्या त्या पसाऱ्यातून, घाटावर प्रथमच आलेल्या अपरिचित माणसाचे पान उपाध्याय घटकाभरात काढतो कसे, आणि काढण्याची ती रीत कोणी कोठे लिहून ठेवली आहे काय? हा प्रश्न सुचण्यास निमित्त झाले ते अगदी आजकालचे. महाजालावरील एखादे पान घेऊन त्यातील सर्व दुवे, म्हणजे तेथून अन्यत्र जाण्याच्या वाटा, वेचून हाती देणे एवढेच काम करणारी साधने आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांसाठी, म्हणजे धन्याने सांगितलेले काम आपल्याच तजविजीने पार पाडणाऱ्या यांत्रिक गुमास्त्यांसाठी, तयार केली जातात. साधन लहानसे, पण त्याची माहितीपुस्तिका लिहावयास बसले म्हणजे प्रश्नांची रांग लागते. अपुरा पत्ता पुरा कसा करावयाचा, एकच ठिकाण दोन नावांनी आले तर काय करावयाचे, जे पान आता अस्तित्वात नाही त्याचा दुवा द्यावा की गाळावा, आणि घरमालकाने मनाई केलेल्या दारी जावे की न जावे. यांतील एकही प्रश्न नाशिकच्या उपाध्यायास नवा वाटला नसता.

नामावळीतील नोंदींचा सर्वांत भारदस्त प्रकार म्हणजे लेख. यजमान लिहिता येणारा असला तर तो स्वहस्ते लिहून देई की, आपण क्षेत्रास आलो, आपल्या वडिलांचे हस्ताक्षर या वहीत पाहिले, म्हणून अमुक वेदमूर्तींस तीर्थोपाध्याय मानून पूजिले, आणि पुढे आपल्या वंशातील जो कोणी येईल त्यानेही यांसच मानावे. या चार-पाच ओळींत दोन्ही दिशांचे संधान साधलेले असते. वडिलांच्या अक्षराचा हवाला देऊन लिहिणारा मागच्या पानाशी जोडला जातो. आणि अद्याप न जन्मलेल्या वंशजास, त्याचे नाव ठाऊक नसताना, आज्ञा करून पुढच्या पानाची सोयही लावून जातो. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत महाजालाची योजना मांडली, तेव्हापासून आजतागायत तेथील दुवा एकाच दिशेचा राहिला आहे; ज्या पानाकडे बोट दाखवले त्या पानास त्याची खबर नसते, आणि आपल्याकडे कोण कोण बोट दाखवते हे कळण्यास साऱ्या जालाची झडती घ्यावी लागते. नाशिकच्या लेखात ही झडती टळली होती, कारण लिहिणाऱ्याने आधीच्या पिढीचे पान समोर उघडे ठेवून, ते पाहून, मग लेख लिहावयाचा असा शिरस्ता होता. शिरस्त्यामागे भक्तीपेक्षा वहिवाटीचा हक्क शाबीत करण्याची चिंता अधिक होती, हे उघड आहे. पण हक्काच्या चिंतेतून पुष्कळदा चांगले दप्तर निर्माण होते.

आता पान काढण्याच्या प्रत्यक्ष क्रियेकडे वळू. यजमान घाटावर उतरला की पहिला सवाल, ‘कोणते गाव?’ दुसरा, ‘आडनाव काय?’ आणि त्याने मुंबईचे किंवा पुण्याचे नाव सांगितले तर लागलीच तिसरा, ‘ते राहण्याचे झाले, मूळ गाव कोणते?’ जातीचा प्रश्न बहुधा उघड विचारावा लागत नसे. गाव, आडनाव आणि बोलण्याची ढब यांवरून तो आधीच निकालात निघालेला असे. या उत्तरांवरून प्रथम ठरे ते घर. कोणत्या प्रांताचे, कोणत्या ज्ञातीचे, कोणत्या आडनावांचे यजमान कोणत्या उपाध्याय घराण्याकडे, ही वाटणी क्षेत्रातील घराघरांत वडिलोपार्जित चालत आलेली, आणि ती ज्याच्या तोंडी नाही तो या व्यवसायात आंधळा. यजमान दुसऱ्याचा निघाला तर त्यास त्या घरी पोहोचवावयाचे. न पोहोचविल्यास तंटा. घर ठरले म्हणजे वही, वहीतून गाव, गावाखाली आडनाव, आडनावाखाली शाखा. आणि शाखेशी आल्यावर उपाध्याय वाचू लागे ती नावे ऐकता ऐकता, कोठेतरी आजोबांच्या नावाशी, यजमानाचा चेहरा बदले. पडताळा तेवढ्यावर होत असे. शोध किती अचूक झाला हे शोधणाऱ्याने ठरवावयाचे नाही, ज्याचे कूळ त्याने ठरवावयाचे, ही या पद्धतीतील मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट आहे.

खरी मेहनत पत्त्यांची. पिंपळगाव, वडगाव, खेडगाव ही नावे महाराष्ट्रात इतकी विपुल आहेत की नुसते नाव म्हणजे पत्ताच नव्हे. निफाड तालुक्यातील पिंपळगावास ‘बसवंत’ हे उपपद लावल्यावाचून आजही पत्र नीट पोहोचावयाचे नाही. म्हणून जुन्या नोंदींत पत्ता सांगावयाचा तो मौजे, तर्फ, परगणे, प्रांत अशा उतरंडीने. परंतु ही सारी उतरंड प्रत्येक नोंदीत पुन्हा पुन्हा कोण लिहितो? वरच्या कलमात एकदा लिहिली की खाली ‘मौजे मजकूर’, ‘कसबे मजकूर’, ‘साल मजकूर’ एवढ्यावर भागे, आणि वाचणाऱ्याने वर नजर टाकून तो मजकूर भरून घ्यावयाचा. वही शाबूत आहे तोवर यात अडचण काहीच नाही. बांधणी सुटून पान निसटले, किंवा कोणी हौशी संशोधकाने मधल्याच पानाचे छायाचित्र घेऊन नेले, म्हणजे मात्र ‘मौजे मजकूर’ हा कोणत्याही गावाचा राहत नाही. महाजालावरील अर्धवट पत्त्यांची गत अक्षरशः हीच असून, मूळ पान कोणते हे ठाऊक असल्याखेरीज ते पुरे करता येत नाहीत; दुवे वेचणाऱ्या साधनाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर सांगावे लागते ते हेच, की पत्ता पुरा करून दिला आहे की जसा सापडला तसा.

नावे बदलतात, हा दुसरा घोर. खुद्द नाशिकच मोगलाईत गुलशनाबाद झाले होते आणि तत्कालीन कागदांत ते त्या नावानेच भेटते. पेशव्यांच्या अमलात जुने नाव पुन्हा रूढ झाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाल्यास फार दिवस लोटले नाहीत. गाव तेच, नाव निराळे, तेव्हा वहीत दोन पाने न पाडता जुन्या नावाखाली नव्याची खूण करून ठेवणे हे जागरूक उपाध्यायाचे काम. गाव उठले तर? कोयनेच्या शिवसागराखाली आणि खुद्द गोदावरीवरील जायकवाडीच्या नाथसागराखाली गावेच्या गावे गेली, माणसे दहा ठिकाणी पांगली. परंतु वहीतील गाव बुडत नाही. धरणग्रस्तांचा नातू नव्या वसाहतीचे नाव सांगेल तर पान निघावयाचे नाही, त्याने आज्याचे बुडालेले गाव सांगितले पाहिजे. गेलेल्या पानाचा दुवा गाळून टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तारखांचेही तसेच. शके असल्यास अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन निघतो. पण दरबारी लिखाणाची सवय असलेला यजमान अरबी सुहूर सन घाली, आणि तोही आकड्यांत न घालता शब्दांत. ‘खमस सितैन मया व अलफ’ म्हणजे पाच, साठ, शंभर आणि हजार, मिळून सुहूर ११६५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६४, आणि मृगापासून पुढे वर्ष बदलत असल्यामुळे उत्तरार्धास १७६५. फसलीचा हिशेब पुन्हा वेगळा. ज्यास ही बेरीज येत नाही त्याच्या हाती एकाच माणसाच्या दोन यात्रा दोन पिढ्यांच्या म्हणून लागावयाच्या.

मराठी दप्तरात या साऱ्या उद्योगास फार पूर्वीपासून एक शिस्त होती. रोजच्या घडामोडी आल्या तशा तारीखवार उतरून घ्यावयाच्या त्या रोजकीर्दीत. त्यांतून खातेवार वेचून लावावयाच्या त्या खतावणीत. आणि खतावणीचा गोषवारा म्हणजे तेरीज. कीर्द लिहिण्यास इमानदार कारकून पुरतो, खतावणीस समज लागते, कारण कोणते कलम कोणत्या खात्यास जावयाचे हा निर्णय तेथे होतो. उपाध्यायाने घाटावर घाईत टिपलेली कच्ची नोंद ही कीर्द, आणि रात्री दिव्याशी बसून ती गाव-घराण्याच्या पानी चढविणे ही खतावणी. यांत्रिक साधन पान वाचून त्यातील दुवे वेगळे काढते तेही खतावणीचेच काम करते. तेरीज करण्याचा, म्हणजे या दुव्यांचा अर्थ काय हे सांगण्याचा, त्याने आव आणू नये. मला विचाराल तर अशा साधनांतील निम्मे घोटाळे खतावणी करणाऱ्याने तेरजेत हात घातल्यामुळे होतात, आणि पुरोहितांतही असे महाभाग होतेच. चार पिढ्यांच्या कोऱ्या जागेत एखादा पराक्रमी पूर्वज बसवून दिला की दक्षिणा वाढते, हे ज्ञान काही नवे नाही.

सासुरवाशिणींची वाट या वह्यांत हटकून तुटते. मुलगी लग्न होऊन गेली की ती बापाच्या पानावरून नाहीशी होते आणि सासरच्या पानावर, बहुधा दुसऱ्याच उपाध्यायाच्या घरी, अमक्याची भार्या म्हणून, सासरी ठेवलेल्या नव्या नावाने अवतरते. दोन्ही नोंदी खऱ्या, दोन्ही शाबूत. त्यांस जोडणारी ओळ कोठेही नाही. ती ओळ फक्त त्या बाईस ठाऊक असे, आणि तिला कोणी लेख लिहावयास सहसा सांगितले नाही. अस्थी घेऊन आलेल्या मुलाने आईचे माहेर सांगितले आणि उपाध्यायाने ते टिपून घेतले, असे जेथे घडले तेथे ही तुटलेली वाट सांधली गेली. पण हा त्या त्या उपाध्यायाच्या स्वभावाचा भाग, शिरस्त्याचा नव्हे.

वृत्तीस मालमत्तेचे स्वरूप होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या उच्च न्यायालयानेही वंशपरंपरेच्या पौरोहित्यवृत्तीस धर्मशास्त्रातील ‘निबंध’, म्हणजे कायम नेमलेले उत्पन्न, आणि म्हणून स्थावरासमान मानले. अर्थात भाऊ विभक्त झाले की यजमानांबरोबर वह्यांचीही वाटणी आली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, वाद उपस्थित होण्यापूर्वी जाणकाराने नात्यागोत्याविषयी लिहून ठेवलेले ग्राह्य धरल्यामुळे, वारसाच्या दाव्यांत नामावळ्यांस कोर्टाची वाट सापडली. नोंदीच्या रीतीवर मात्र आगगाडीचा परिणाम झाला: १८६५ साली थळ घाटातून ती सुरू झाली तेव्हापासून मुंबईचे यजमान लवकर येऊन लवकर परतू लागले आणि चार दिवसांच्या मुक्कामात निवांतपणे होणारी नोंद घाईची झाली.

वही कोणास दाखवावयाची, याचा कायदा मात्र कोणत्याही सरकारने केला नव्हता. ज्याचे कूळ त्यास दाखवावी, इतरांस नाही, एवढा संकेत. १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी महाजालावर फिरणाऱ्या यंत्रांसाठी जी सूचनापत्रिका सुचविली, जी संकेतस्थळाच्या दारावर ‘येथे यावे, येथे येऊ नये’ असे सांगते, तीही केवळ संकेतच आहे. पाळणारा पाळतो, न पाळणाऱ्यास कुलूप अडवीत नाही. संकेत मोडण्याचे मोह मोठे असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी धुंडाळण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या दप्तरांस अकस्मात भाव आला, मोडी वाचणारे जाणकार शोधून शोधून आणावे लागले, आणि तीर्थक्षेत्रींच्या नामावळ्यांकडेही लोकांची दृष्टी वळली. ज्या वहीची मांडणीच जातीवर उभी आहे ती वही जातीच्या दाखल्यासाठी मागितली जावी, हे ओघानेच आले. पण मांडणीची ही दुसरी बाजूही विसरता येत नाही, की ज्यांस देवळाच्या पायरीशीच थांबवले जात होते त्यांच्या पिढ्यांस या भारदस्त वह्यांत किती पाने मिळाली असतील, हा प्रश्न याच गोदातीरी उभा राहतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. अनुक्रमणिका निर्दोष असली तरी जे नोंदलेच नाही ते ती देऊ शकत नाही.

परक्या डोळ्यांनी या वह्या वाचल्या तर काय निघते, याचा उत्तम दाखला हरिद्वारचा. कलेतिहासकार ब्रिजिंदर नाथ गोस्वामी यांनी तेथील पंड्यांच्या बह्या धुंडाळून गुलेरच्या चितारी घराण्याच्या नोंदी काढल्या, त्या घराण्यातील नैनसुखाच्या हातची नोंद त्यांस सापडली, आणि १९६८ साली ‘मार्ग’ नियतकालिकात त्यांनी असा सिद्धान्त मांडला की पहाडी चित्रशैलीचे मूळ संस्थानात शोधण्यापेक्षा कुटुंबात शोधावे. चित्रांवर सह्या नव्हत्या. पण चितारी तीर्थास गेले होते. अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्र संस्थेने १९७७ च्या सुमारास उत्तरेकडील क्षेत्रांच्या बह्यांच्या फिल्मा घेण्यास आरंभ केला, तोही उद्योग स्तुत्य होता. मात्र फिल्म घेतल्याने पान हाती येते. कोणते पान पाहावयाचे हे फिल्म सांगत नाही. आपल्याकडे इतिहाससंशोधक राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून सुटे लेख छापले गेले; एका उपाध्याय घराची संपूर्ण वही, तिच्या मांडणीच्या नियमांसह, हे काम निराळे आहे.

आता २०२६-२७ चा सिंहस्थ आला आहे आणि काही घरांतील तरुण मंडळी नोंदी संगणकावर चढवीत आहेत. मोडी शाळांतून जाऊन सत्तर वर्षे होत आली. पूर्वजांनी लिहिलेली वही वाचण्यास उपाध्यायाच्याच नातवाला जाणकार लागतो, अशी स्थिती काही घरी आली आहे. या मंडळींनी पाने टिपण्यापूर्वी रीत टिपावी, असे माझे सांगणे आहे. आधी घराघरांतील वाटणीचा तक्ता: कोणता परगणा, कोणती ज्ञाती, कोणती आडनावे, कोणाकडे, आणि विभक्त झालेल्या भावांत पुढे कोणती वही कोणाकडे गेली. मग त्या घराच्या लेखनाच्या खुणा, ‘मजकूर’ कोठवर मागे पोहोचतो हे धरून. मग सनांचे कोष्टक, बदललेल्या व बुडालेल्या गावांची यादी, आणि आईच्या माहेरासाठी एक स्वतंत्र रकाना, जो आरंभी बहुतेक रिकामाच राहील. शेवटी परघरचे दुवे. त्र्यंबकेश्वरचे उपाध्याय निराळे, त्यांच्या वह्या निराळ्या. कुशावर्तावर स्नान करून आलेल्या यजमानाच्या नोंदीत तेथे कोणास पूजिले याचा उल्लेख आढळला तर तो जसाच्या तसा उतरून घ्यावा आणि तेथेच थांबावे, कारण त्या घरी जाऊन वही उघडावयास सांगण्याचा अधिकार नाशिकच्या उपाध्यायास नाही, त्याच्या संगणकासही नाही. तो यजमानाचा आहे.